शिकारी टोळ्या, मेंढपाळ आणि बायकांचं स्थान: "आधी समानता मग पुरुषसत्ता" हे खरंच एवढं सरळ आहे का?

भाकरी_शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. प्रश्न अभ्यासाचा आहे पण फिरून फिरून आमच्याच भागावर येतोय म्हणून इथं टाकतोय. मी सोलापुरात समाजशास्त्रात एमए करतोय. परवा वर्गात सरांनी फळ्यावर तीन चौकटी काढल्या. पहिलीत शिकार आणि कंदमुळं, खाली लिहिलं समानता. दुसरीत पशुपालन, खाली पुरुषसत्ता. तिसरीत नांगराची शेती, खाली पक्की पुरुषसत्ता. आणि म्हणले एवढं लिहिलं तरी दहा मार्काचं उत्तर होतंय.

मला ते पटेना. आमचं आजोळ सांगोल्याकडं, तिथं ज्वारी निघाली की मोकळ्या रानात मेंढरांचे वाडे (म्हणजे फिरत्या मेंढक्यांची बिऱ्हाडं) बसायला येतात. त्यातल्या बायका मी लहानपणापासून बघतोय, घोडीचा लगाम धरून हायवेच्या मधोमध उभ्या राहतात आणि सगळा खांडवा (कळप) पार होईस्तोवर ट्रकवाल्याला हलू देत नाहीत, वर त्यालाच चार शिव्या. ह्या दबलेल्या बायका म्हणायच्या का? आणि उलट बाजूनं २०२३ मध्ये ती बातमी आली होती की शिकारी समाजात बहुतेक ठिकाणी बायकाही शिकार करायच्या, मग पहिल्या चौकटीतलं "पुरुष शिकार करतो, बाई कंदमुळं आणते" हे तरी कितपत खरं? कुणी वाचलेलं असेल तर जरा उलगडून सांगा. नुसत्या लिंका टाकू नका, लिंका माझ्याकडं पण आहेत.

काय_बे_सोल्लापूर
तू अभ्यास करलालास का सरांशी भांडण करायला मटेरियल गोळा करलालास बे 😄 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माळढोक_दिसला_का
सरांची पहिली चौकट अगदीच टाकाऊ नाही, पण ती कुठून आली ते बघायला पाहिजे. शिकागोत १९६६ ला शिकारी समाजांवर एक मोठी परिषद झाली होती, तिचं नावच "मॅन द हंटर". गंमत अशी की त्याच परिषदेत रिचर्ड ली नावाच्या मानवशास्त्रज्ञानं जे आकडे मांडले ते त्या नावालाच सुरुंग लावणारे होते. तो कलहारीत बोट्स्वानाच्या हद्दीवर कुंग सान लोकांत राहून आलेला, तिथं खाण्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग मुळं, फळं आणि मोंगोंगो नावाच्या झाडाच्या बियांचा होता आणि तो मुख्यतः बायका आणायच्या. म्हणजे चूल बायकांच्या गोळा केलेल्यावर चालायची, मटण आलं तर आलं. आणि ही जमवाजमव म्हणजे घराजवळ खुरपत बसणं नव्हे, काही किलोमीटर चालत जायचं, पाठीवर पोर, येताना पोर अधिक ओझं. दोन पोरांत चारेक वर्षांचं अंतर असायचं, आणि एकदम दोन पोरं पाठीवर मारून कोण चालणार, हे त्या अंतरामागचं एक कारण लीनं सांगितलंय (पोर बरीच वर्षं अंगावर पितं, त्यामुळंही दिवस लवकर जात नाहीत).

मटणाचं तर अजून भारी आहे. जनावराला पहिला लागलेला बाण ज्याचा, वाटप त्याच्या हातात, बाण मारणाऱ्याच्या नाही. आणि बाण ही लोकं एकमेकांना देत घेत असतात त्यामुळं बाणाचा मालक एखादा म्हातारा असू शकतो, एखादी बाई पण असू शकते जी शिकारीला गेलेलीच नाही. शिवाय मोठी शिकार करून आला की गडी स्वतःच म्हणणार "काय नाही, हाडं आहेत नुसती", आणि बाकीचे पण हेटाळणी करणार, "एवढ्याशासाठी आम्हाला इतकं लांब आणलंस होय". मुद्दाम. पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. माझ्या मते तिथल्या बरोबरीचं मूळ इथं आहे, कोण मारतं ह्यात नाही तर कोण वाटतं आणि साठवून ठेवता येतं का ह्यात. माणूस मटण साठवू शकत नाही, मग मालक कशाचा होणार.

आता तुमची २०२३ ची बातमी. त्या पेपरात ६३ समाज घेतलेले आणि ७९ टक्क्यांत बायका शिकार करत असल्याची नोंद आहे असं म्हटलेलं. पुढच्याच वर्षी बऱ्याच संशोधकांनी मिळून त्यावर टीका लिहिली की मुळात जिथं नोंद सापडते असेच समाज निवडण्याकडं कल झालाय, आणि एखाद्या बाईनं कधीतरी काठीनं घोरपड मारली आणि रोजची नेमानं शिकार ह्या दोन्हीला एकाच रकान्यात टाकलंय. टीका करणारे सुद्धा "बायका शिकार करतच नाहीत" असं म्हणत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर आग्ता लोकांच्यात बायका कुत्री आणि धनुष्यबाण घेऊन रानडुक्कर, हरण मारायच्या, हे तिथं राहिलेल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. पेरूत अँडीजच्या पठारावर विलामाया पात्क्सा इथं ९००० वर्षांपूर्वीची एक पोरगी पुरलेली सापडली, वय सतरा ते एकोणीसच्या आसपास, आणि सोबत भाल्याची टोकं, कातडं सोलायची हत्यारं असा शिकारीचा पूर्ण संच. २०२० ला जगभर बातमी झाली. एका थडग्यावरून सगळ्या खंडाचा निकाल लावायचा नसतो, पण "बाईनं केलीच नाही" हे वाक्य मात्र आता कुणी लिहू नये.

मध्य आफ्रिकेतले आका लोक राहिलेच, जाळं लावून शिकार करतात त्यात बायकाही उतरतात आणि बाप तान्ह्या पोराजवळ दिवसरात्रीचा जवळपास निम्मा वेळ असतो, कडेवर नाहीतर हाताच्या अंतरावर. बॅरी ह्यूलेटनं घड्याळ लावून मोजलंय. आपल्याकडं बापानं पाळणा हलवला तर अख्खी गल्ली बघायला येते.

गड्ड्यावरचा_पाळणा
सगळं छान आहे पण वर जरा जास्तच गुलाबी चित्र झालंय, म्हणून थोडं मीठ टाकतो.

एक म्हणजे शिकारी समाज म्हणजे फक्त कुंग नव्हेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिवी लोकांची बेटं आहेत, तिथं शेती नव्हती, पाळीव जनावरं नव्हती, तरी पोरगी जन्मायच्या आधीच तिचं लग्न ठरलेलं असायचं. विधवा झाली की लगेच दुसऱ्याच्या नावावर. वयस्क वजनदार पुरुषांकडं दहा दहा बायका. ह्याला समानता म्हणणार का? दुसरं, टांझानियात एयासी तळ्याजवळ हाद्झा आहेत, साधारण हजार-तेराशे लोक, त्यांच्याकडं मोठ्या जनावराचे ठरावीक भाग फक्त दीक्षा झालेले पुरुष बाजूला बसून खातात, बायकांनी बघायचं पण नाही. वाटप वाटप म्हणताय, पण चरबीदार भाग कुणाच्या पानात?

काम वाटून घेतलंय हे सगळीकडंच दिसतं आणि त्यात अंगावर पिणाऱ्या पोराचा संबंध आहे हे पण खरं, ते नाकारून काय मिळणार? उगाच आजचं राजकारण दहा हजार वर्षं मागं नेऊन चिकटवू नका.

माळढोक_दिसला_का
@गड्ड्यावरचा_पाळणा तिवीचा मुद्दा एकदम बरोबर, म्हणूनच मी "चौकट" हा शब्द धरून बसलो. हाद्झाचं पण खरं. पण त्याच हाद्झांच्या म्हाताऱ्या बायका विसरलात. खणायची काठी घेऊन खडकाळ जमिनीतून कंद काढत बसतात तासन् तास, आणि लेक नवीन पोरात अडकली की आधीच्या नातवाचं वजन आजीच्या कंदावर वाढतं हे क्रिस्टन हॉक्स आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात मोजून दाखवलं. त्यावरून तर माणसाच्या बाईला पाळी गेल्यावर पण एवढं आयुष्य का मिळालं ह्याचा आख्खा सिद्धांत उभा राहिलाय. "अंगावर पिणारं पोर म्हणून बाई मागं" एवढं साधं असतं तर पाळी गेलेल्या बायका सगळ्या पुढाऱ्या झाल्या असत्या की.

घोडीवरचं_बिऱ्हाड
आमचं मूळ घर मेंढक्यांचं. वडिलांनी मेंढरं विकून नोकरी धरली पण चुलते अजून वाड्यावर आहेत म्हणून दोन शब्द लिहिते. मी बाई आहे, आधीच सांगते म्हणजे पुढं कुणी दादा म्हणायला नको.

तुम्ही हायवेवरची बाई बघितली, ती खरी आहे. पण दिवस कसा असतो ते ऐका. गडी खांडवा घेऊन चरत चरत पुढं जातो. वाडा हलवायचा ते सगळं बाईचं. पहाटे भाकरी थापून गड्यांना फडक्यात बांधून दिल्या की तळ मोडायचा, वाघर गुंडाळायची (वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं, शहरातल्यांसाठी सांगते), भांडी, धान्याची पोती, अंथरूण सगळं घोडीवर दोन्ही अंगाला वजन सारखं करून लादायचं. एका बाजूला जड झालं की घोडीची पाठ सोलते आणि मग शिव्या बाईलाच. वर कोंबड्या पाय बांधून, काल-परवा जन्मलेली कोकरं जाळीत, आणि आपलं पोर सगळ्यात शेवटी. चुलतीला आम्ही विचारायचो पोर पडलं तर? ती म्हणायची कोकरू पडू नये, पोर धरून बसतंय. पुढच्या मुक्कामाला गड्यांच्या आधी पोचायचं, पाणी कुठं आहे ते बघायचं, चूल मांडायची. ज्या मेंढीला दूध नाही तिचं कोकरू दुसरीला लावायचं हे सगळ्यात किचकट काम, मेंढी वासानं ओळखते आणि ढुशी मारते, तिला धरून धरून सवय लावावी लागते. हे आमच्यात बायकाच करतात. कळपातली कुठली मेंढी कुणाची लेक हे चुलतीला तोंडपाठ, चुलत्याला नाही.

आता पैशाकडं या. रानात खतासाठी मेंढरं बसवायची बोली शेतकरी कुणाशी करतो? म्हाताऱ्याशी. किती रात्री, किती धान्य नाहीतर किती रोख, सगळं पुरुष पुरुषात. धान्य आलं तर ते बाईच्या पोत्यात पडतं आणि तिच्या हिशेबात राहतं. रोख आली तर खिशात. पूर्वी धान्य जास्त मिळायचं आता रोखच जास्त, हे लक्षात घ्या. बाजारात कुठलं बकरू काढायचं हे चुलतीला विचारल्याशिवाय चुलता ठरवत नाही, पण बाजारात ती जात नाही. लोकर कातरतात गडी, सूत काढायच्या बायका, आता लोकरीला कुणी विचारत नाही त्यामुळं ते कामच गेलं आणि त्या निमित्तानं हातात येणारे चार पैसे पण गेले. मेंढरं वाटणीला येतात ती मुलांच्या. मुलीला आंदण म्हणून एखाददुसरी दिली तर दिली.

तर दबलेल्या आहेत का? माझं म्हणणं, कामात नाहीत, बोलण्यात तर मुळीच नाहीत. मालकीत आहेत.

काय_बे_सोल्लापूर
ताई जबरदस्त 🙏 आणि आपल्या बाळ्याच्या खंडोबाचं पण बघा की. म्हाळसा घरची, पण बाणाई धनगराची पोरगी, मेंढरं राखणारी, आणि तिच्यासाठी देव तिच्या बापाकडं गडी म्हणून मेंढरं वळायला राहिला. देवाला पण वाड्यावर राबल्याशिवाय बायको मिळाली नाही.

गड्ड्यावरचा_पाळणा
आता कुणीतरी अहिल्यादेवींचं नाव घेणार म्हणून मीच घेतो. एक राणी झाली म्हणून समाजात समानता होती असं होत नाही. त्यांचं कर्तृत्व त्यांचं, वाड्यावरची आंदणाची मेंढी ती आंदणाचीच.

कसब्यातली_वकीलीण
घोडीवरचं_बिऱ्हाड यांनी मुद्द्यालाच हात घातलाय, त्याला जोडून बाहेरची उदाहरणं देते कारण दुसरी चौकट मला सगळ्यात कच्ची वाटते. "पशुपालन" असा एक समाज नाहीच. साधं दूध कोण काढतं एवढं विचारून बघा. पूर्व आफ्रिकेतल्या मसाईंच्यात गाई बायका पिळतात, दुधाचं वाटप त्यांच्या हातात. दक्षिण सुदानच्या नुएरांच्यात पुरुष एकदा दीक्षा घेऊन मोठा झाला की त्यानं धार काढायचीच नाही, बायका आणि पोरं काढणार, म्हणजे गाईंचा मालक असून दुधासाठी तो बायकोवर अवलंबून. आणि आपल्या निलगिरीतल्या तोडांच्यात बरोबर उलटं, म्हशीचं दूध पुरुषच काढणार, दुधाचं काम पवित्र म्हणून बाईनं दूधघराच्या जवळ पण जायचं नाही. सहाराच्या तुआरेगांच्यात तंबूच बाईच्या मालकीचा, फारकत झाली तर नवरा बाहेर, आणि तोंडावर कापड पुरुष घेतात, बायका नाही! ह्या चौघांना एका चौकटीत कोंबून खाली एक शब्द लिहायचा म्हणजे कमाल आहे.

बरं मसाईंच्यात जी पुरुषांची मालकी आज दिसते ती तशीच पुरातन आहे का हा पण प्रश्न आहे. डोरोथी हॉजसन यांनी टांझानियातल्या मसाईंवर लिहिलंय की इंग्रजांच्या काळात कर पुरुषाच्या नावावर लागला, कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचीच नोंद, गुरं रोख बाजारात विकायची झाली आणि जनावरावरचे जे बायकोचे वाटणीचे हक्क होते ते हळूहळू झिजले. वर ताईंनी धान्य आणि रोख असा जो फरक सांगितला तो हाच. मी रोज सातबाऱ्यावर आणि वारसनोंदीत हे बघते, राबणारी एक आणि नाव दुसऱ्याचं.

एक अर्थशास्त्राचा पण अभ्यास आहे, आंके बेकर यांचा. त्यांचं म्हणणं असं की जिथं पूर्वज जास्त प्रमाणात पशुपालनावर होते तिथं बायकांच्या हिंडण्याफिरण्यावर, चारित्र्यावर बंधनं जास्त दिसतात, कारण पुरुष कळप घेऊन महिनोन्महिने बाहेर. आता हे कारण आपल्याकडं लावून बघा. जिथं बाई वाड्याबरोबर चालते तिथं ते लागूच पडत नाही, आणि जिथं बायकापोरं गावात ठेवून गडी एकटाच मेंढरं घेऊन जातो तिथं लागू पडायला पाहिजे. हे दोन्ही प्रकार तुम्हाला जिल्ह्यात सापडतील. तपासायला सोलापुरासारखी जागा नाही.

भाकरी_शेंगाचटणी
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एक प्रश्न अजून. शिकारी समाज आणि पशुपालक समाज असे वेगवेगळे समाज शेजारी ठेवून तुलना केली की सर म्हणणार संस्कृतीच वेगळी, मग फरक कशामुळं पडला ते कसं सांगणार? तेच लोक, फक्त जगणं बदललं, असं उदाहरण आहे का?

आणि तिसऱ्या चौकटीचं, नांगराचं, कुणीच बोललं नाही.

माळढोक_दिसला_का
आहे ना, आणि तेच तुमच्या उत्तराचा कणा करा. पॅट्रिशिया ड्रेपर, १९७५. तिनं कुंग लोकांचेच दोन गट बघितले, एक अजून रानात फिरणारे आणि दुसरे नुकतेच पाण्याजवळ वस्ती करून शेळ्या-गुरं पाळायला लागलेले. भाषा तीच, नातीगोती तीच. रानातल्या गटात बाई स्वतः ठरवून जमवायला जायची, येताना रानाची खबर आणायची, कुणाचे माग दिसले, पाणी कुठं आहे, आणि पुरुष ती खबर ऐकायचे. पोरं-पोरी एकत्र हुंदडायची, कामाला कुणीच जुंपलेलं नाही. वस्तीवर काय झालं? मुलगे गुरांमागं लांब जायला लागले आणि मुली घराजवळ पाण्याला, कुटायला. बाईचं काम घरापुरतं आलं, भांडीकुंडी वाढली, घर पक्कं झालं म्हणून सारवणं आलं. शेजारच्या पशुपालक लोकांशी व्यवहार पुरुषांचा, त्यांची भाषा पुरुषांना आली, मग बाहेरच्याशी बोलायचं तर पुरुषच पुढं. कुणी ठरवून बाईला खाली ढकललं नाही, दिवसाचा नकाशा बदलला आणि थोड्याच वर्षांत फरक पडला. सरांना हेच दाखवा.

नांगराचं थोडक्यात. एस्टर बोसरपनं १९७० मध्ये मांडलं की कुदळीच्या शेतीत बाई शेतात असते आणि नांगर आला की पुरुष धरतो, बाई घराकडं सरकते. २०१३ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी जगभरची माहिती घेऊन दाखवलं की ज्यांचे पूर्वज नांगर वापरायचे त्यांच्यात आजही बायकांनी बाहेर काम करण्याबद्दलची मतं जास्त कडक आहेत. पण मला त्यात एक अडचण दिसते, आपल्याकडं बाईनं नांगर धरू नये म्हणतात ते खरं, तरी पेरणीला चाड्यामागं, खुरपणीला, ज्वारी काढायला बाईच की. शेतातून बाई गेलीच नाही, फक्त नांगराला हात लावायचा नाही आणि सातबाऱ्यावर यायचं नाही.

कसब्यातली_वकीलीण
तेच लोक, बदललेलं जगणं म्हणाल तर सोलापुरातच बघा की, सेटलमेंट. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा (पहिला कायदा १८७१ चा) शिक्का बसलेल्या फिरत्या जमातींना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी, परवानगीशिवाय बाहेर नाही, आणि कामाला गिरण्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका. फिरतं जगणं मोडून एका जागी डांबल्यावर त्या घरातल्या बाईचं काय झालं, तिचा बाजार, तिचं हिंडणं, जातपंचायतीतला तिचा आवाज, ह्या अंगानं तुम्ही चार म्हाताऱ्यांशी बोललात तर असाइनमेंट राहू द्या, पीएचडीचा विषय आहे. मात्र "चोर जमात" वगैरे जुनी भाषा चुकून पण वापरू नका, ती लोकं ऐकून ऐकून थकली आहेत.

गड्ड्यावरचा_पाळणा
ड्रेपरचं उदाहरण मानलं. तरी परीक्षेत चौकटीच लिहा, तपासणारा वैतागलेला असतो 😅

भाकरी_शेंगाचटणी
@घोडीवरचं_बिऱ्हाड ताई, सांगोल्याकडं आत्ता वाडे आलेत, मी येत्या आठवड्यात जाऊन बोलायचं म्हणतोय. कसं जाऊ, काय विचारू? प्रश्नावली तयार केलीय, पहिला प्रश्न कुटुंबप्रमुखाचं नाव.

घोडीवरचं_बिऱ्हाड
पहिला प्रश्न आधी खोडा. तो विचारला की म्हातारा सरसावून बसतो आणि बाई चुलीकडं वळते, मग दोन तास फक्त म्हाताऱ्याचं ऐका. वर मसाईंचं वाचलंत ना, तिथल्या साहेबांनी पण हाच प्रश्न विचारला होता.

पहाटे जाऊ नका, तळ हलायची घाई असते, कुत्री पण सोडलेली असतात. दुपारी गडी रानात असतात तेव्हा बायका कोकरं बघत बसलेल्या सापडतील. एकटे जाऊ नका, बरोबर बहिणीला नाहीतर वर्गातल्या एखाद्या मुलीला घ्या, तुम्ही एकटं तरुण पोरगं गेलात तर त्यांचीच पंचाईत. कागद-पेन लगेच काढू नका, कुठल्या तरी योजनेचा फॉर्म आला समजतात. शेवटच्या बाजारात कुठलं बकरू गेलं, तेच का, दुसरं का नाही, आणि आलेल्या पैशातलं काय आणलं, एवढं विचारा आणि गप्प बसा. मग कुठली मेंढी कुणाची लेक ते विचारा, त्यावर एकेक बाई तासभर बोलेल. माहेरून किती आणलेल्या आणि त्यांची पिल्लं आता कुणाची धरतात हे सगळ्यात शेवटी, आणि सासू जवळ नसताना.

जाताना शेंगाचटणी न्या, नावात आहेच तुमच्या. चहापत्ती-साखर पण न्या, दूध त्यांच्याकडं असतंय.

भाकरी_शेंगाचटणी
नेतो ताई. कुटुंबप्रमुखाचा प्रश्न काढला, त्या जागी बकऱ्याचा टाकला. आल्यावर इथंच लिहितो, फक्त नावं-गावं सोडून.